तीन बंदुकांचा संसार

गोष्ट रंगात आलेली असते. नरभक्षक वाघीण दरीपलीकडे दिसलेली असते, शिकारी-लेखक जिम कॉर्बेट झुडपाआड श्वास रोखून बसलेला असतो, आणि मध्येच .२७५, .५००, ४५०/४०० असे आकडे येतात. अनुवादक ते तसेच ठेवतो, वाचक ते ओलांडून पुढे जातो. मनात प्रश्न मात्र राहतोच. हे आकडे कसले? एका माणसाला दोन-तीन बंदुका कशाला लागतात? गोळी लागली की जनावर मरतं, मग बंदूक लहान काय नि मोठी काय?

कोकणातल्या घरात विळी, सुरी आणि कोयता अशी तीन पाती असतात. नारळ फोडायला कोयता, मासळी करायला विळी, लिंबू कापायला सुरी. एवढ्यात सगळं भागतं. चौथं हत्यार आणलं तर ते फळीवर गंजत पडतं. शिकारीच्या बंदुकांचा हिशोबही असाच आहे, फक्त त्यात एक जबाबदारी जास्त आहे. नारळ पहिल्या घावात फुटला नाही तर दुसरा घालता येतो. जखमी होऊन रानात शिरलेलं जनावर दुसऱ्या घावासाठी थांबत नाही. म्हणून कोणती बंदूक घ्यायची हे जनावराकडे पाहून ठरवायचं असतं, आपल्या हौसेकडे पाहून नव्हे. हे नीट कळायला आधी चार साध्या गोष्टी समजून घेऊ.

१. आकडा कशाचा?

सिंधुदुर्ग-रत्नागिरीकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक अजून पाहायला मिळते. तिची नळी आतून गुळगुळीत असते. अशा नळीतून सुटलेली गोळी हवेत वाटेल तशी डुलते आणि थोड्या अंतरावरच भरकटते. रायफलीच्या नळीत आतून पिळदार चऱ्या पाडलेल्या असतात, स्क्रूच्या आट्यांसारख्या. त्यांतून जाताना गोळी स्वतःभोवती गरगर फिरते. फिरणारा भोवरा आरीवर ताठ उभा राहतो आणि गती संपली की लवंडतो. गोळीचंही तसंच आहे. फिरते आहे तोवर तिचं टोक पुढेच राहतं.

.२७५ हा त्या नळीच्या भोकाचा इंचातला व्यास. मोजला तर ७ मिलिमीटर, म्हणजे शाळेतल्या पेन्सिलीएवढा. .५०० म्हणजे अर्धा इंच, १२.७ मिलिमीटर. ४५०/४०० असा जोडआकडा आला तर पहिली संख्या काडतुसाच्या मूळ पुंगळीची आणि दुसरी गोळीची समजावी. .४५० ची रुंद पुंगळी घ्यायची, तिचा गळा आवळून त्यात .४०० ची गोळी बसवायची. पोट मोठं म्हणून दारू जास्त मावते, तोंड अरुंद म्हणून गोळी बारीक.

बारा बोरची गोष्ट निराळी. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यांतली एक ज्या नळीत बरोबर बसेल ती नळी बारा बोरची. म्हणून तिथे आकडा वाढला की भोक लहान होतं. वीस बोर ही बारा बोरपेक्षा बारीक.

या आकड्यांत राजकारणही आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात इंग्रज सरकारने हिंदुस्थान आणि सुदानमध्ये .४५० च्या बंदुकांवर बंदी घातली. फौजेच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफली त्याच मापाच्या होत्या आणि शिकाऱ्यांचा माल बंडखोरांच्या हाती लागेल ही भीती होती. त्यामुळे बंदूकवाल्यांनी .४६५, .४७०, .४७५ अशी जवळपासची मापं बाजारात आणली. ती माळ जनावरांच्या गरजेतून जन्मलेली नाही. आज बंदुकांच्या मापांची लांबलचक यादी पाहून कुणी गोंधळला, तर त्यात त्याचा दोष नाही.

२. नाणं आणि चेंडू

गोळीचं वजन ग्रेनमध्ये मोजतात. सोनाराची गुंज आठवा. एक ग्रेन म्हणजे साधारण अर्धी गुंज. .२७५ ची नेहमीची गोळी १४० ग्रेनची, म्हणजे ९ ग्रॅम. जुनं जाडं पाच रुपयांचं नाणं तेवढ्याच वजनाचं होतं. ते तळहातावर ठेवलं तर जाणवतही नाही. एवढ्याशा शिशाने चितळ कोसळतं, ते वेगामुळे. ही गोळी सेकंदाला सुमारे ८४० मीटर वेगाने सुटते.

तिच्यात किती जोर असतो? वजनाचं निम्मं घ्यायचं आणि त्याला वेगाच्या वर्गाने गुणायचं. ०.००९ किलोचं निम्मं गुणिले ८४० गुणिले ८४०, उत्तर सुमारे ३,२०० ज्यूल. तुलनेला, वेगवान गोलंदाजाचा ताशी १४४ किलोमीटरने आलेला चेंडू: त्यात १३० ज्यूलही नसतात. म्हणजे पंचवीस चेंडूंचा जोर एका पेन्सिलीएवढ्या टोकावर.

आता मोठ्या बंदुका. ४५०/४०० ची गोळी २६ ग्रॅमची, वेग ६५० मीटर, जोर सुमारे ५,५०० ज्यूल. ५००/४५० ची ३१ ग्रॅमची, वेग ६६० मीटर, जोर साधारण ६,७००. वजन तिपटीहून जास्त वाढलं, पण जोर दुपटीच्या थोडाच वर गेला, कारण वेग घटला.

वेग घटला की आणखी एक गोष्ट बिघडते. नळीतून सुटल्याबरोबर गोळी खाली पडू लागते, हातातून सोडलेला आंबा पडतो तितक्याच वेगाने. १०० मीटर जायला .२७५ ला सुमारे ०.१२ सेकंद लागतात; तेवढ्यात ती ७ सेंटिमीटर खाली येते. जाड गोळीला ०.१६ सेकंद लागतात आणि ती १२-१३ सेंटिमीटर उतरते. २०० मीटरवर हा फरक पाव मीटरच्या आसपास जातो. डोंगराच्या पलीकडच्या उतारावर चरणाऱ्या घोरल नावाच्या रानबकऱ्याच्या छातीवर नेम धरावा आणि गोळी त्याच्या पोटाखालच्या दगडावर आदळावी, एवढा हा फरक आहे. लांबच्या, अंगाने हलक्या जनावराला हलकी आणि वेगवान गोळी लागते, ती यासाठी.

३. दाभण आणि हातोडा

चांभार जाड चामड्याला भोक पाडताना हातोडा वापरत नाही, दाभण वापरतो. गोळी जितकी लांब आणि सडपातळ, तितकी ती खोल जाते. पण खोल जाणं नेहमीच हवं असतं असं नाही. चितळाच्या अंगातून दाभणासारखी आरपार गेलेली गोळी बारीक भोक पाडून पलीकडच्या झाडात रुतते, आणि चितळ कोसभर पळून तासाभराने मरतं.

म्हणून गोळ्या दोन जातीच्या. एक नरम टोकाची: अंगात शिरल्यावर टोक अळंबीसारखं पसरतं, जखम रुंद होते, जनावर लवकर मरतं. दुसरी पूर्ण कवच घातलेली: ती हाड फोडून सरळ आत जाते. हरीण, बिबट्या, वाघ यांना पहिली; हत्ती, गेंडा यांना दुसरी. पसरणाऱ्या गोळीला 'दमदम' नाव पडलं ते कलकत्त्याजवळच्या दमदम इथल्या लष्करी कारखान्यावरून. १८९९ च्या हेग परिषदेने युद्धात ती वर्ज्य ठरवली. शिकारीत मात्र तीच दयेची गोळी मानली जाते, कारण जनावर तडफडत राहत नाही.

दाभणाचा सर्वांत टोकाचा वापर केला वॉल्टर बेल या स्कॉटिश माणसाने. पूर्व आफ्रिकेतल्या करामोजा भागावरून त्याला 'करामोजो' बेल म्हणत. हस्तिदंतासाठी त्याने हजाराहून अधिक हत्ती मारले, त्यांतले बहुसंख्य याच ७ मिलिमीटरच्या, पेन्सिलीएवढ्या गोळीने. हत्तीची कवटी करवतीने उभी कापून मेंदू नेमका कुठे बसतो हे त्याने पाहिलं होतं. हत्तीच्या डोक्यात मधमाश्यांच्या पोळ्यासारखं पोकळ हाड फार आणि मेंदू त्यामानाने लहान. दोन बोटं इकडेतिकडे झाली तर गोळी हाडात विरते. बेलची लांब, कवचाची गोळी त्या हाडातून सरळ जाई.

त्याच्या त्या संख्येचं मला कौतुक वाटत नाही. पण बंदुकीविषयी त्याने जे सिद्ध केलं ते खरं आहे: योग्य जागी लागलेली लहान गोळी, भलत्या जागी लागलेल्या मोठ्या गोळीपेक्षा श्रेष्ठ. धोका एवढाच, की हे वाक्य बेलच्या तोंडी शोभतं. आपला नेम बेलसारखा आहे अशा समजुतीने हलकी बंदूक घेऊन निघालेल्यांनी अनेक जनावरं जखमी करून रानात सोडली.

४. खांदा किती सोसतो

गोळी पुढे जाते तेव्हा बंदूक मागे येते. साडेतीन किलोची .२७५ बार काढल्यावर खांद्याला जो धक्का देते, त्याच्या तिप्पट-चौपट धक्का पाच किलोची ५००/४५० देते. हा धक्का एकदा सोसता येतो. सरावात वीस वेळा सोसला की शरीर शहाणं होतं: चाप ओढण्याआधीच डोळे मिटतात, खांदा आक्रसतो आणि नेम हलतो. त्यामुळे मोठी बंदूक घेतलेला माणूस सराव टाळतो, आणि सराव टाळलेल्या माणसाच्या हाती सर्वांत मोठी बंदूक असते. शिकारीतल्या बऱ्याच अपघातांचं मूळ इथे आहे, असं माझं मत आहे.

दोन-नळ्यांचा आणि खटक्याचा भेदही इथेच पाहून घेऊ. खटक्याच्या रायफलीत, म्हणजे माउझर पद्धतीच्या, पोटात चार-पाच काडतुसं असतात. प्रत्येक बारानंतर खटका मागे-पुढे करून नवं काडतूस वर आणावं लागतं. दुनळी रायफलीत फक्त दोन काडतुसं, पण दोन्ही नळ्यांची यंत्रणा स्वतंत्र. खांद्यावरून बंदूक न हलवता, आवाज न करता दुसरा बार काढता येतो आणि एक बाजू बिघडली तरी दुसरी चालते. दहा पावलांवरून वाघ झेपावला तर पाच काडतुसं उपयोगी पडत नाहीत, दुसरा बार किती लवकर निघतो हे उपयोगी पडतं. दुनळीची किंमत मात्र त्या काळीही राजेरजवाड्यांच्या हिशोबातली होती.

५. रूझवेल्टचं त्रिकूट

आता तीन पाती एकत्र पाहू. मार्च १९०९ मध्ये अमेरिकेचं अध्यक्षपद सोडल्यावर काही आठवड्यांतच थिओडोर रूझवेल्ट मुलगा केर्मिट याच्यासह आफ्रिकेला निघाला. स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयासाठी प्राणी गोळा करायचे होते. खारीपासून हत्तीपर्यंत काहीही समोर येणार होतं.

रूझवेल्टने स्वतःसाठी तीन रायफली नेल्या. पहिली फौजी धाटणीची .३० स्प्रिंगफील्ड: लांबच्या हरणांसाठी. दुसरी .४०५ विंचेस्टर: १९ ग्रॅमची गोळी, मधल्या अंगाच्या आणि चवताळणाऱ्या जनावरांसाठी, सिंहावरचं औषध म्हणून तो तिचं नाव घेई. तिसरी हॉलंड अँड हॉलंडची ५००/४५० दुनळी, हत्ती-गेंड्यासाठी. ती त्याला इंग्लंडमधल्या चाहत्यांनी भेट दिली होती. पक्ष्यांसाठी एक बारा बोर वेगळी. त्याची नजर अधू होती, नेम सामान्य होता आणि त्याने ते लपवलं नाही. म्हणूनच प्रत्येक कामाला पुरेशी बंदूक हवी हा त्याचा आग्रह मला समंजस वाटतो. बाप-लेकांनी मिळून ५१२ प्राणी मारले, हा हिशोब त्याने स्वतःच आपल्या पुस्तकात दिला. आज तो आकडा वाचताना अंगावर येतो.

हलकी, मधली, जड: शिकाऱ्यांच्या पुढच्या पिढ्यांनी हेच त्रिकूट उचललं. पण त्यात एक गोष्ट गृहीत आहे. रूझवेल्टच्या मागे बंदुका वाहणारे हमाल चालत होते. ज्याला एकट्याने डोंगर चढायचा आहे त्याने काय करावं?

६. कॉर्बेटची निवड

कॉर्बेटची पहिली बंदूक म्हणजे ठासणीची एक जुनी दुनळी. तिची उजवी नळी फाटलेली होती आणि बंदूक पितळी तारेने बांधून ठेवलेली होती. चालणारी नळी एकच, त्यामुळे बारही एकच. नैनीताल-कालाढुंगीच्या रानात हा पोरगा ती घेऊन हिंडला आणि एका बारात काम झालं पाहिजे ही शिस्त त्याच्या हाडात मुरली.

१९०७ साली चंपावतच्या नरभक्षक वाघिणीच्या मागे तो गेला तेव्हा हाती .५०० ची दुनळी होती आणि हाक्याच्या दिवशी जवळ काडतुसं होती तीन. दोन बार काढायचे, तिसरं अडीअडचणीला, असा त्याचा हिशोब. तिन्ही संपली, वाघीण जखमी झाली, पण पडली नाही. कॉर्बेट धावत तहसीलदाराकडे गेला, त्यांची जुनी छऱ्यांची बंदूक घेऊन परत आला आणि शेवटचा बार त्याच बंदुकीतून काढला. त्या बंदुकीची नळी मागच्या भागाला नीट भिडतही नव्हती. भारी बंदूक जवळ असून काडतुसांवाचून ती काठीसारखी झाली होती. बंदुकांची निवड करताना लोक नळीचा विचार करतात. काडतूस किती वाहून नेता येतं आणि गावात मिळतं का, हा विचार मागे पडतो.

त्या कामगिरीबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन हेवेट यांनी त्याला लंडनच्या जॉन रिग्बी कंपनीची .२७५ भेट दिली, दस्त्यावर चांदीची पट्टी जडवून. पुढच्या आयुष्यभराची त्याची जोडी अशी जमली: एक ही हलकी .२७५ आणि दुसरी जेफ्री कंपनीची ४५०/४०० दुनळी. त्रिकुटातली सर्वांत जड बंदूक त्याने वगळली, आणि ते बरोबरच होतं. कुमाऊँ-गढवालच्या डोंगरांत गेंडा नव्हता, हत्तीची शिकार त्याला करायची नव्हती. त्याचं सावज वाघ आणि बिबट्या. वाघाचं कातडं पातळ, हाडं हत्तीच्या मानाने नाजूक; नेम बरोबर असेल तर .२७५ ला तो पडतो. नेम बरोबर असेलच असं नाही, वेळ संध्याकाळची असेल, वाघ अंगावर येत असेल, तर ४५०/४००.

रुद्रप्रयागच्या बिबट्यासाठी त्याने हलकी निवडली. त्या एका बिबट्याने आठ वर्षांत १२५ माणसं मारली होती आणि कॉर्बेटला केदार-बद्रीच्या वाटांवर महिनोन्महिने पायपीट करावी लागली. २ मे १९२६ च्या रात्री गुलाबराईच्या आंब्यावर तो बसला होता, खाली बांधलेल्या बकरीच्या गळ्यात घंटा, रायफलीला विजेची बॅटरी बांधलेली. घंटा वाजली, बॅटरीचा झोत पडला, एक बार झाला आणि बॅटरी विझली. रात्रीच्या अशा बैठकीत पाच किलोची दुनळी तासन्‌तास अलगद तोलणं अवघड. बिबट्याचं अंग लहान, त्याला ९ ग्रॅम पुरतात.

कॉर्बेट १९४७ मध्ये केनियाला गेला आणि १९५५ साली तिथेच वारला. त्याची जेफ्री दुनळी पुढे एल्मर कीथ या अमेरिकन बंदूकतज्ज्ञाकडे गेली. कीथ आयुष्यभर जड गोळीचा पुरस्कर्ता होता, हलक्या, वेगवान .२७० चा कैवार घेणाऱ्या जॅक ओकॉनर या लेखकाशी त्याचा वाद अनेक वर्षं चालला. त्याच वादाच्या दोन्ही बाजू कॉर्बेटने दोन बंदुकांच्या रूपाने जवळ बाळगल्या होत्या.

७. एकच घ्यायची झाली तर?

बंगळूरचा केनेथ अँडरसन हे या प्रश्नाचं आपल्याकडचं उत्तर. दक्षिणेतल्या रानांत त्याने आपली .४०५ विंचेस्टर जन्मभर वापरली, रूझवेल्टच्या त्रिकुटातली मधली. लांबच्या नेमाला ती तोकडी, हत्तीला काठावरची. पण झाडीत पन्नास पावलांवर भेटणाऱ्या वाघ-बिबट्याला पुरेशी, आणि अंधारातही हाताला ओळखीची. आफ्रिकेत हे स्थान १९१२ साली निघालेल्या .३७५ ला मिळालं. तिकडच्या बऱ्याच देशांत मोठ्या धोकादायक जनावरांसाठी कायद्याने हीच किमान मर्यादा धरतात.

माझा निर्णय विचाराल तर असा: हरणापासून हत्तीपर्यंत सगळं समोर येणार असेल तर हलकी आणि .३७५, अशा दोन पुरतात. तिसरी जड दुनळी लागते ती फक्त अंगावर आलेला हत्ती किंवा रेडा थांबवण्याचं काम ज्याच्याकडे आहे त्याला.

भारतात हा प्रश्न १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संपवला, आणि ते योग्यच झालं. वन्यप्राण्याला मारण्याची परवानगी आता कायद्याने ठरवलेल्या मोजक्या परिस्थितीतच, मुख्य वन्यजीव रक्षकांच्या किंवा त्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्याच्या आदेशाने मिळते. शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला दोनच शस्त्रं बाळगता येतात, आणि परवान्यावरची रायफल म्हटली की आपल्याकडे बहुधा ईशापूरच्या सरकारी कारखान्यातली .३१५ असते.

८. उजव्या बाजूचे सुळे

मग आज हे आकडे समजून का घ्यायचे? कारण कॉर्बेटच्या गोष्टींतला खरा गुन्हेगार पुष्कळदा त्यांतच लपलेला असतो. अपुऱ्या बंदुकीने, फार लांबून किंवा घाईत मारलेली गोळी जनावराला मारत नाही, अधू करते. अधू वाघाला सांबर पकडता येत नाही. ठाकची वाघीण, कॉर्बेटने १९३८ मध्ये मारलेली शेवटची नरभक्षक, तिच्या अंगावरही जुन्या गोळ्यांच्या जखमा होत्या.

चंपावतची वाघीण पडल्यावर कॉर्बेटने तिचं तोंड उघडून पाहिलं. उजवीकडचा वरचा सुळा अर्धा तुटलेला होता, खालचा हाडापर्यंत गेलेला. ती कुणाच्या तरी जुन्या बाराची खूण होती. त्या बारानंतर तिने नेपाळात २०० आणि कुमाऊँत २३६ माणसं मारली.